जळतंय कोण? गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचा वाद

नाट्यगृहाचा विषय निघाला की आमच्या कट्ट्यावरची सगळी पोरं हळवी होतात. परवा रात्री परत तेच, 8 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा कोण कुठं होतं, कुणी काय बघितलं, आणि त्यातच संज्या म्हणाला की आपल्या देशात माणसं जळतात ती शॉर्टसर्किटनं आणि कारखान्यात. संज्या शिरोलीला फौंड्रीत आहे, रोज वितळलेलं लोखंड बघतोय, त्यामुळं त्याला सगळं जग तसंच दिसतंय.

दिल्या जळीत वॉर्डला ब्रदर आहे, तो म्हणाला, "लगा, एवढं मोठं नाट्यगृह जळालं, मेलं का कोण? न्हाई. आणि इकडं एकेका स्वयंपाकघरात एकेक बाई जळते त्याची तुला बातमी पण नसती."

मग त्यानं आकडे काढले. 2009 साली 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी नियतकालिकात एक अभ्यास आलता, त्यात 2001 सालचा अंदाज होता, भारतात आगीनं 1 लाख 63 हजारांच्या वर मृत्यू, त्यातल्या साधारण 1 लाख 6 हजार बायका आणि त्याही बहुतेक 15 ते 34 वयाच्या. तरुण पोरगा एक मेला तर तरुण पोरी तीन. रस्त्यावरचे अपघात घ्या, बुडून मेलेले घ्या, सगळीकडं पुरुष जास्त असतात, भाजण्यातच हे उलटं. आणि पोलिसांच्या नोंदीत त्या वर्षी ह्याच्या सहावा हिस्साच मृत्यू होते!

"म्हणजे हुंडा, सरळ बोल की मर्दा," बाळ्या. बाळ्याचं सगळं एका वाक्यात असतंय.

दिल्या म्हणाला तेवढं सोपं न्हाई. पंपाचा स्टो, बर्नरमध्ये कचरा, पेटता असतानाच रॉकेल ओतायचं, जमिनीवर बसून स्वयंपाक, अंगावर नायलॉनची साडी, ती नुसती जळत न्हाई, वितळून कातडीला चिकटती. असले खरे अपघात पण ढिगानं झालेत. पण स्टो फक्त सुनेच्याच हातात कसा भडकतोय, सासूच्या का न्हाई, हे विचारल्यावर तो पण गप्प झाला. जळालेल्या बाईचा जबाब घ्यायला नायब तहसीलदार येतात, बाहेर सासरची माणसं उभी, पोरं घरी त्यांच्याच ताब्यात, मग बाई काय सांगणार, "स्टो भडकला." तेव्हाच्या दंडविधानात सासरच्या छळाचं 498अ कलम 1983 ला आलं, हुंडाबळीचं 304ब 1986 ला, लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद जळाली आणि हुंड्यासाठी छळ दिसला तर हुंडाबळी धरायचा, पण छळाचं बोलणार कोण? मला विचाराल तर अपघात किती आणि घातपात किती ही वाटणी कागदावर बघून कधीच कळणार न्हाई, आणि नुसता स्टो बदलून अर्धाच प्रश्न सुटतो.

तेवढ्यात आण्णा मधे पडले, त्यांचं गुऱ्हाळ आहे. "आमच्यात काहिलीत पाय गेलेला गुळव्या बघितलास का रं कधी? उकळता रस नुसत्या पाण्यागत निथळत न्हाई, चिकटून बसतोय."

"व्हय आण्णा, तुमचं पण खरं," दिल्या म्हणाला, आणि लहान पोरांचं सांगायला लागला. त्यांच्यात आग कमीच, अंघोळीची बादली, चहाचं पातेलं, आमटीचं भांडं. पोरगं रांगायला लागलं की गरम भांडं खाली ठेवायचं न्हाई, एवढं पाळलं तरी बरीच पोरं वाचतील. ह्यावर कुणी वाद घातला न्हाई. (कट्ट्यावर हे दुर्मिळ.)

खरा राडा झाला कोलगेटवरनं. आण्णा म्हणाले भाजलं की कोलगेट नाहीतर शाई लावायची, पिढ्यान्‌पिढ्या लावतोय. दिल्या तापलाच, "आण्णा, ती खरवडायला आम्हाला लागतंय ओ! नळाखाली धरा, साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ न्हाई, तूप न्हाई, काय न्हाई." आणि किती भाजलं ते कसं मोजतात तर ज्याचं त्याचं बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. संज्या लगेच स्वतःच्या पोटावर तळहात ठेवून मोजायला लागला, पोट जरा जास्तच आहे त्यामुळं वेळ लागला.

पण संज्या मानायला तयार न्हाई. त्याचं म्हणणं, तो आकडा 2001 चा, तेव्हा घराघरात रॉकेल होतं, 2016 पासनं उज्ज्वलाचा गॅस आला, रेशनवरचं रॉकेल जवळपास संपलं, आता मोजलं तर पुरुषच पुढं निघतील, विजेच्या तारा आहेत, कारखाने आहेत. दिल्या म्हणाला निघू देत की, पण आधी मोजा तर. भाजलेल्यांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाच्या कागदातच वर्षाला 70 लाख भाजतात, 1 लाख 40 हजार मरतात म्हणून लिहिलंय, तो पण अंदाजच, आणि "कुणाचा सिलिंडर, कुणाचा स्टो, कुणाचा नवरा, हे लिहायला आमच्या केसपेपरवर एकच ओळ असती, त्यात काय काय बसवू?"

संज्या म्हणाला, मग ओळी वाढवा. त्यावर दोघांचं परत सुरू झालं.