ओपन हाउसमध्ये मार्कांआधी मुलाबद्दल बोला

मुलाला कॉन्व्हेंटला का घातलं, असं नाशिकमध्ये कुणालाही विचारा, दोन उत्तरं ठरलेली असतात. इंग्रजी पक्कं होतं आणि शिस्त लागते. माझी दोन्ही मुलं नाशिक रोड भागातल्या एका कॅथलिक शाळेत शिकतात. आम्ही हिंदू. घरात देव्हारा आहे, सगळे सणवार होतात, आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेलाही आम्ही जातो, जसे इथले सगळ्या जातीधर्माचे लोक जातात. पालक-शिक्षक संघात बसून शिक्षकांचं आणि पालकांचं, दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय. या शाळांकडून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट इंग्रजीही नाही आणि शिस्तही नाही. ती तिसरीच आहे, मुलाच्या मनाबद्दल शाळा आणि घर यांनी मिळून बोलणं, आणि ते मागायला आपण पालक पुढे होत नाही.

मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील, आणि शाळा त्यांच्या मदतीला, हा कॅथलिक शिक्षणाचा पायाच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात हे स्वच्छ शब्दांत सांगितलंय. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत तर शिक्षकांनी पालकांशी जवळून सहकार्य करावं, त्यांचं म्हणणं मनापासून ऐकून घ्यावं, पालकांच्या सभा-संघटना उभ्या कराव्यात आणि त्यांना मान द्यावा, असा नियमच आहे. म्हणजे आपण ओपन हाउसला, पेपर दाखवायला शाळा पालकांना बोलावते त्या भेटीला, जातो ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. मुलाच्या मनाबद्दल बोलायला शाळेने आपल्याला बोलवावं, हे शाळा ज्या परंपरेत उभी आहे त्या परंपरेनेच शाळेवर टाकलेलं काम आहे.

डॉन बॉस्को हे नाव शाळेच्या पाटीवर आपण सगळ्यांनी वाचलंय. त्या माणसाची गोष्ट मला फार जवळची वाटते. इटलीतल्या तुरीन शहराजवळ १८१५ साली शेतकऱ्याच्या घरात जन्म, दोन वर्षांचा असताना वडील गेले, आईने वाढवलं. पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी तुरीनमधल्या बेवारस, कामाच्या शोधात शहरात आलेल्या मुलांना जवळ केलं, तेव्हा १८४६ मध्ये त्यांची आई, मार्गारिटा, गावचं घर सोडून त्या मुलांमध्ये राहायला आली. १८५६ मध्ये जाईपर्यंत, दहा वर्षं, तिने त्या पोरांचं जेवणखाण, फाटकेतुटके कपडे, दुखणीखुपणी सगळं पाहिलं. जगभर गेलेल्या त्या शिक्षणपद्धतीच्या मुळाशी एक आई होती. मुलाला पटेल असं कारण सांगायचं, श्रद्धा द्यायची आणि माया करायची, या तीन गोष्टींवर ती पद्धत उभी आहे, आणि चूक झाल्यावर शिक्षा करण्याऐवजी चूक होण्याआधी मुलाच्या सोबत असण्यावर तिचा भर आहे. १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात डॉन बॉस्को यांनी सांगितलं की मुलांवर प्रेम असणं पुरत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे त्या मुलांना कळलं पाहिजे.

आता आपलं ओपन हाउस डोळ्यांसमोर आणा. वर्गाबाहेर पालकांची रांग. आत बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले आईवडील आणि समोर पेपरांचा गठ्ठा. गणिताच्या पेपरात स्टेप बरोबर असून अर्धा मार्क का कापला, यावर एक वडील मिसशी बोलत होते. मुलगी शेजारी उभी, युनिफॉर्मच्या बेल्टचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. मिसने मार्काचं समजावून सांगितलं आणि हळूच विचारलं, "हल्ली ती मधल्या सुट्टीत एकटीच बसते. घरी सगळं ठीक आहे ना?" वडिलांचा चेहरा एकदम बंद झाला. "घरी सगळं व्यवस्थित आहे," म्हणाले, पेपर परत दिले आणि उठले. मुलीचा हात धरून निघून गेले.

त्या वडिलांना मी दोष देत नाही. घरातलं शाळेत सांगितलं तर ते कुठवर जाईल याची धास्ती आपल्या सगळ्यांनाच असते. शाळेलाही तीच धास्ती असते. एका मिसने मला सांगितलं होतं, "मी डायरीत खरं लिहिलं तर संध्याकाळी पोराला मार बसतो, म्हणून मी लिहितच नाही." खोटं नाही ते. व्हॅनमधून उतरल्या उतरल्या डायरी उघडून तिथेच रस्त्यावर मुलाला धपाटे घालणारे पालक मी पाहिलेत. आणि उलटंही होतं. आईने विश्वासाने सांगितलेलं, की पोरगा अजून अंथरूण ओलं करतो, ते वर्गात सगळ्यांसमोर निघालेलं मला माहीत आहे. ते मूल पुढे कित्येक दिवस शाळेत जायला तयार नव्हतं. ती शाळा कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. शाळा आणि घर यांच्यात एक साधा करार हवा. शाळेने मुलाबद्दल जे सांगितलं त्यावरून घरी मुलाला मारायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, आत्या-मावशीपुढे ते काढायचं नाही. आणि घरून जे कळलं ते शाळेने वर्गात उघडं करायचं नाही, स्टाफरूममध्ये चघळायचं नाही. हा भरवसा असेल तर बाकीचं सगळं जमतं. तो नसेल तर कितीही सेमिनार घ्या, प्रोजेक्टरवर कितीही स्लाइड दाखवा, आईबाप "सगळं व्यवस्थित आहे" म्हणून उठून जाणार.

भरवसा असला की काय होतं, तेही सांगते. माझे सासरे ऐन पावसाळ्यात गेले. धाकट्याला सकाळी व्हॅनपर्यंत सोडायला रोज आजोबाच जायचे. ते गेल्यावर तो रडला नाही, फार काही बोललाही नाही. पण काही दिवसांनी मिसचा फोन आला. "मॅडम, त्याचा डबा रोज तसाच परत येतोय का बघा. मधल्या सुट्टीत तो उघडतो आणि परत बंद करतो." बॅग उघडली तर पोळीच्या रोलवरचा फॉइलसुद्धा निघालेला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, व्हॅनचं, आजोबांचं. त्यांनी वर्गात एका अक्षराने विचारलं नाही. त्याच्या एका मित्राला आणि त्याला मिळून ऑफिसातून खडूचा डबा आणायचं काम दिलं आणि मधल्या सुट्टीत दोघांना शेजारी बसवलं. आम्हाला म्हणाल्या, "त्याच्यासमोर आजोबांचं नाव घ्या, टाळू नका. तो तुमच्याकडे बघून गप्प बसतोय." खरंच, त्याला त्रास नको म्हणून घरात आम्ही सगळेच तो विषय काढत नव्हतो. मग त्याचे बाबा सकाळी कंपनीला थोडं उशिरा निघायला लागले आणि त्याला व्हॅनपर्यंत स्वतः सोडायला लागले, आजोबांच्याच रस्त्याने, आजोबा ज्या टपरीपाशी थांबायचे तिथे थांबत.

कॅथलिक परंपरेत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस, आणि तो अख्खा महिनाच गेलेल्या माणसांच्या आठवणीचा मानतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा प्रार्थनेच्या खोलीत एक पेटी ठेवली होती. ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. सिस्टरनी आधी पालकांना चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, कुणावर सक्ती नव्हती. धाकट्याने आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि खाली मराठीत लिहिलं, "चहात बिस्किट बुडवून द्यायचे." त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती, आकाशकंदीलही लावला नव्हता, आणि त्याचं त्याला वाईट वाटत होतं. आजोबांसाठी काहीतरी करायला त्या पेटीमुळे त्याला मिळालं. धर्म कुणाचा, पेटी कुणाची, हा प्रश्न आमच्या घरात कुणाच्याही मनात आला नाही.

काही जणांच्या मनात तो येतो, आणि त्यांनाही उत्तर मिळायला हवं. आपल्या घटनेच्या कलम २८ प्रमाणे, सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या कोणत्याही शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत सामील करून घेता येत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रीती लादू नका, रोजच्या प्रार्थनासभेत घटनेची उद्देशिका म्हणा आणि जमेल तिथे सर्वधर्म प्रार्थनालय ठेवा. तेव्हा शंका असेल तर सरळ जाऊन विचारावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धवट बोलून पोरांच्या मनात आपल्याच शाळेबद्दल संशय पेरला, तर ज्या माणसांकडे त्यांनी संकटात जायला हवं त्यांच्याकडेच ती जाणार नाहीत.

शाळांकडूनही माझ्या अपेक्षा आहेत, आणि त्या मी संघाच्या बैठकीतही मांडल्या आहेत. सगळ्यात आधी भाषेचं. आपली पोरं शिकतात इंग्रजीतून, पण रडतात मराठीत. घाबरलेल्या, चिडलेल्या मुलाला "स्पीक इन इंग्लिश" म्हटलं की त्याचं तोंड बंद होतं, आणि ते मूल खोडकर किंवा घुमं ठरतं. रागाचं, भीतीचं, लाजेचं त्याला ज्या भाषेत येईल त्या भाषेत ऐकून घ्या, व्याकरण नंतर. आयांचंही तेच. जेलरोडच्या, सिन्नर फाट्याच्या कितीतरी आया ओपन हाउसला येतात आणि इंग्रजी येत नाही म्हणून नुसत्या मान हलवून जातात. त्यांना आपल्या पोराची नसन् नस माहीत असते. सिस्टरनी नुसतं "ताई, मराठीत बोला" म्हटलं, तरी त्या अर्धा तास बोलतील आणि शाळेला त्यातून जे कळेल ते कुठल्याही फॉर्ममध्ये कळणार नाही.

दुसरं समुपदेशकांचं. विशाखापट्टणममधल्या नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातल्या सगळ्या शाळा, कॉलेजं आणि क्लासेसना बंधनकारक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत लाज काढायची नाही आणि पालकांसाठी नियमित कार्यक्रम घ्यायचे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी निकालात आहे. एवढी मुलं. आपल्याकडे आठवीपासून फाउंडेशनचे क्लास लागतात. शाळा सुटली की पोरं कॉलेज रोडच्या क्लासला, तिथून रात्री घरी. अशा मुलाला मनातलं बोलायला दिवसात जागाच कुठे उरते? समुपदेशकाचं नाव बोर्डावर असून भागत नाही. त्या कोणत्या वारी असतात, मूल त्यांच्याकडे वर्गशिक्षिकेला न विचारता जाऊ शकतं का, आणि आईवडिलांना त्या भेटतात का, हे प्रत्येक पालकाला माहीत असलं पाहिजे.

तिसरी गोष्ट वेळेची. सातपूर-अंबडला पहिल्या शिफ्टला जाणारा बाप सकाळी अकराच्या सभेला येऊ शकत नाही. मग "वडील लक्षच देत नाहीत" असा शेरा पडतो. वर्षातून दोन सभा संध्याकाळी सातला ठेवून पाहा. आणि बाबा लोकांनो, तुम्हीही या. मुलगा वयात येताना त्याला बापाशी बोलायचं असतं, आईने दिलेला निरोप त्याला पुरत नाही.

येत्या टर्मच्या ओपन हाउससाठी आमच्या संघाने एक मागणी ठेवली आहे. पेपर दाखवायच्या आधीची पाच मिनिटं मार्कांचं काहीच बोलायचं नाही. मूल कुणाबरोबर बसतं, कशाला घाबरतं, कशाने खुलतं, एवढंच शिक्षकांनी पालकांना सांगायचं आणि पालकांनी शिक्षकांना. मूल तेव्हा बाहेर मैदानात असेल. सिस्टरनी पाचवी ते सातवीसाठी होकार दिला आहे. एका वर्गात पन्नासच्या वर मुलं असताना वेळेचं गणित कठीण आहे, म्हणून दोन शनिवारांत विभागून घ्यायचं ठरतंय.

तुमच्या मुलांची शाळा कोणतीही असो, कॅथलिक, मराठी माध्यमाची, महापालिकेची, हे मागून बघा. आणि तुमच्या शाळेत समुपदेशक असतील तर कोणत्या दिवशी असतात आणि पालकांना भेटतात का, ते खाली लिहा. पुढच्या बैठकीत मी ते मांडणार आहे. कुणाच्या घरात आत्ताच एखादं मूल गप्प गप्प झालं असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर शाळेची वाट पाहू नका. टेली-मानस १४४१६ या सरकारी नंबरवर फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.