घोडा उधळल्यावर करायचे ‘पाच उपाय’: यातले चार जिवावर बेततील

‘घोडा उधळला तर जीव वाचवणारे पाच उपाय’ असा एक मेसेज घोडेस्वारी शिकणाऱ्यांमध्ये जोरात फिरतोय. परवा भाचीने मला तोच पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, सगळं पाठ केलंय.’ ती आत्ता कुठे दुडक्या चालीवर मांड धरायला शिकतेय. तिने हे असलं पाठ करावं याचा मला संताप आला, म्हणून लिहितोय. मेसेज सांगतो: घोड्याचे डोळे झाका, दोन्ही लगाम पूर्ण ताकदीने ओढा, संधी मिळताच उडी मारा, घोडा गोल फिरवा आणि थांबला की चाबकाने अद्दल घडवा.

डोळे झाकायचे कसे, हे लिहिणाऱ्याने एकदा तरी खोगिरावर बसून करून बघितलंय का? भरधाव घोड्याच्या डोळ्यांपर्यंत हात न्यायचा तर लगाम सोडून मानेवर ओणवं व्हावं लागतं. स्वार पुढे झुकला की घोड्याला ‘अजून पळ’ अशीच खूण मिळते. त्यात घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं. भेदरलेला असतानाही तो खड्डा, कुंपण, झाड चुकवतो ते याच नजरेच्या जोरावर. ती काढून घेतलीत तर साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर तुम्हाला पाठीवर घेऊन आंधळं धावेल. आग लागलेल्या तबेल्यातून घोडा बाहेर काढताना त्याचे डोळे बांधतात, ते खरं आहे. पण तिथे माणूस जमिनीवर उभा असतो आणि घोड्याला हाताने धरून चालवत नेतो. तिथली गोष्ट उचलून इथे चिकटवलेली दिसते.

लगाम ओढून धरण्याचा सल्ला त्याहून धोक्याचा, कारण तो पटतो. घाबरलेल्या माणसाचे हात आपोआप तेच करतात. लगामाचा तोंडातला लोखंडी भाग पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर बसतो. तिथे पातळ कातडीखाली लगेच हाड आहे. सतत ताण दिला की घोडा त्याच ताणावर रेलतो, मान ताठ करतो आणि वेदनेपासून पळायचं म्हणून आणखी जोर करतो. ताकदीच्या या झटापटीत माणूस हरणारच. झेनोफन हा ग्रीक सेनानी इ. स. पूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहून गेला. तेज घोडा हवं त्यापेक्षा वेगाने निघाला तर हिसका देऊ नका, हळूहळू आपल्याकडे घ्या, जबरदस्ती न करता त्याला शांत करा, असं त्याने तेव्हाच सांगितलंय. जवळपास चोवीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही लोकांना कळत नाही, याचं वाईट वाटतं.

मग हातांनी करायचं काय? आधी पाठ सरळ, बूड खोगिरात, टाचा खाली. दोन्ही लगाम आखूड करा. एक मूठ तिच्यातल्या लगामासकट आयाळीत, मानेवर घट्ट रोवा आणि दुसऱ्या हाताने दुसरा लगाम वर आणि मागे खेचा. लगेच सोडा. पुन्हा खेचा, पुन्हा सोडा. सोडणं विसरू नका. रेलायला आधार मिळाला नाही की घोड्याचा जोर ओसरायला लागतो. रोवलेल्या मुठीमुळे घोड्याचं डोकं सरळ राहतं, त्यामुळे तोल जात नाही.

गोल फिरवण्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, तेवढं मान्य करावं लागेल. मोकळं, सपाट मैदान असेल तर मोठा वर्तुळाकार फेरा घेत तो हळूहळू लहान करत न्यावा. वेग उतरतो. पण मेसेजमध्ये ‘मान झटक्यात वळवा’ असं लिहिलंय. भरधाव घोड्याची मान एकदम गुडघ्याकडे खेचली तर तो स्वारासकट कोसळू शकतो. एकाच बाजूचा लगाम ओढून, मान वळवून थांबवणं आधी चालत्या घोड्यावर, शिक्षकासमोर घोटून घ्यायचं असतं.

उडीबद्दल थोडक्यात. ताशी 45 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. एवढ्या वेगात खाली आदळणार, आणि पाय रिकिबीत अडकला तर फरफटत जाणार. समोर कडाच असेल तर नाइलाज, तेव्हाही आधी दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर. एरवी बसून राहा. भीतीचं कारण मागे पडलं की बहुतेक घोडे आपणहून मंदावतात.

शेवटचा, चाबकाचा उपाय वाचून मला सगळ्यात जास्त चीड आली. घोडा पळाला तो माजून नाही, घाबरून किंवा दुखतंय म्हणून. थांबल्यावर मारलंत तर थांबलो म्हणून मार बसला, एवढंच तो शिकेल. मान थोपटा, थोडं चालवा, श्वास खाली येऊ द्या. मग खोगीर उतरवून पाठीवरून हात फिरवा, कुठे अंग चोरतो का बघा. दात, तोंडाचे कोपरे, तंगाखालची (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखालची) कातडी तपासा. खुराक भरपूर आणि व्यायाम कमी असं होतंय का, तेही विचारा. पुन्हा पुन्हा उधळत असेल तर पशुवैद्याने तपासेपर्यंत शिकाऊ स्वाराला त्याच्यावर बसवू नका.