दोन टिंबांचे साडेतीनशे

जर्सी उलटी करून इस्त्री करा, असं मी इस्त्रीवाल्याला बजावून सांगितलं होतं. त्याने सुलटीच केली आणि आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या माझ्या जुन्या जर्सीवरचे दोन ठिपके इस्त्रीला चिकटून गेले. पाठीवरचं नाव जागेवर, अकरा नंबर जागेवर. फक्त मेसुत ओझिलच्या आडनावातल्या पहिल्या अक्षराच्या (Ö) डोक्यावर जे दोन ठिपके असतात, ते नाहीसे. "आधीपासूनच नव्हते, साहेब," इस्त्रीवाला म्हणाला. "असते तर देताना मोजून दिले असते तुम्ही." शर्ट मोजून द्यायचे, पँटी मोजून द्यायच्या, हे मला ठाऊक होतं. टिंबंही मोजायची असतात हे नव्हतं.

टिळक रोडच्या मागे एका गल्लीत दुकान आहे. तिथे करंडकांवर नावं कोरून मिळतात, कॅरमची पावडर मिळते आणि मंडळांचे टी-शर्ट छापून मिळतात. मालकाने जर्सी पाहिली, बोटाने नाव खरवडलं (कशाला?) आणि म्हणाला, "पूर्ण नावाचे साडेतीनशे."

"पूर्ण नाव नकोय. दोन ठिपके हवेत."

"ठिपक्याला रेट नाही. रेट नावाला आहे."

"अहो, पण नाव आहेच की वर."

"मग काय प्रॉब्लेम आहे?"

"टिकली लावा."

हे मालक बोलला नाही. कोपऱ्यात स्टुलावर एक काका बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, चष्मा कपाळावर. हास्यक्लबचे टी-शर्ट न्यायला आले होते आणि टी-शर्ट तयार नव्हते. पुढे बराच वेळ आम्ही समोरासमोर होतो, पण त्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस दिसला नाही. सकाळी साडेसहाला बागेत सगळा कोटा संपवून येत असावेत.

"काय म्हणालात?"

"टिकली. दोन पांढऱ्या टिकल्या. तुळशीबागेत पाकीट मिळतं. उरलेल्या घरात वापरता येतील."

"पांढऱ्या टिकल्या घरात कोण लावणार, काका?"

"तो तुमचा प्रश्न. मी ठिपक्यांपुरतं बोललो." मग चष्मा खाली घेऊन त्यांनी जर्सी निरखली. "हे नाव तुमचं?"

"नाही. ओझिलचं."

"म्हणजे शर्ट त्याचा आहे?"

"शर्ट माझाच आहे."

"मग नाव त्याचं का? आमच्याकडे भांड्यावर नाव घालतात ते भांडं ज्याचं त्याचं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जगभर लाखो लोक पाठीवर परक्या माणसाचं नाव घालून हिंडतात आणि हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण त्यांच्या वाटेत हे काका येत नाहीत. मी म्हटलं, "तो मोठा खेळाडू होता. मिडफिल्डर. मधल्या फळीत खेळायचा."

"गोल करायचा?"

"फारसे नाही. दुसऱ्यांकडून करवून घ्यायचा. पास असा द्यायचा की समोरच्याने नुसता पाय लावायचा."

"अच्छा. टिपणी याची, सही साहेबाची." काका हिशेबतपासणीतून निवृत्त झालेले निघाले. "पुढे?"

पुढे काय सांगणार? २०१३च्या सप्टेंबरात आर्सेनलने त्याला रेआल माद्रिदकडून सुमारे सव्वाचार कोटी पौंड मोजून आणला, तेव्हा आमच्या पुण्यातल्या टोळक्याने पेढे वाटले होते. नऊ वर्षं क्लबला एक करंडक मिळाला नव्हता. २०१४मध्ये इंग्लंडचा एफए कप आला. २०१५-१६च्या मोसमात याने प्रीमियर लीगमध्ये १९ गोल करवले. विक्रम होता २०चा, थिएरी आन्रीचा. एक कमी पडला.

"कमी का पडला?"

"पहिल्या निम्म्या मोसमातच बहुतेक सगळे झाले होते. नंतर पुढच्या लोकांनी संधी घालवल्या."

"म्हणजे काम याने केलं, पुढे फाइल हलली नाही."

"अगदी तेच!"

मला पहिल्यांदाच काका आवडायला लागले होते. भरात येऊन मी त्यांना लुडोगोरेट्सविरुद्धचा गोलही सांगितला. २०१६ची भाऊबीज. आम्ही मित्राच्या कोथरूडच्या फ्लॅटवर, उरलेल्या चकल्या संपवत जागे. पहाटेचे तीन वाजत आलेले. सामना बल्गेरियात, दोन-शून्य पिछाडीवरून आर्सेनल दोन-दोनवर आलेलं. लांबून चेंडू आला, ओझिल एकटा सुटला, पुढे धावून आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून त्याने चेंडू उचलला. आता मारायचा की नाही? नाही. हा थांबला. मारतो असं दाखवलं, परत दाखवलं, दोन बचावपटू जमिनीवर बसले, आणि मग याने चेंडू हळूच आत ढकलला. मित्र रडला. खरोखर रडला. खालच्या मजल्यावरचे वर येऊन भांडून गेले.

तोच मित्र २०२१च्या जानेवारीत, ओझिल तुर्कस्तानच्या फेनेरबाचे क्लबला गेला त्या दिवशी म्हणाला, "सुटलो बाबा एकदाचे." ही जर्सी माझ्या पाठीवर आहे आणि त्याची कुठे आहे, असं मी त्याला परवा विचारलं. त्याच्या घरी तिने फॅन पुसतात.

मधल्या काळात काय झालं म्हणाल, तर ओझिलचं काही झालं नाही. खांदे तेव्हाही पडलेले होते, नंतरही पडलेलेच होते. २०१३मध्ये ते पाहून आम्ही म्हणायचो, बघा, घाम न गाळता खेळतो, कलावंत आहे. २०१८मध्ये तेच खांदे पाहून आम्ही म्हणायला लागलो, बघा, घामच गाळत नाही. डोळे तेच, चाल तीच. सामन्याआधी तोंडातलं च्युइंगम खाली सोडून बुटाने उडवून पुन्हा तोंडात झेलायची सवयही तीच. जिंकत असताना तो व्हिडिओ आम्ही एकमेकांना पाठवायचो. हरत असताना "याला सामन्याचं गांभीर्य नाही" याचा पुरावा म्हणून तोच व्हिडिओ फिरायचा. (काकांना मी च्युइंगमचं सांगितलं. "चघळलेलं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.)

बदलला तो पगार. त्याचा करार संपत आला होता तेव्हा सही कर, सही कर म्हणून आम्हीच त्याच्या मागे लागलो होतो. २०१८च्या जानेवारीत त्याने सही केली. आकडा बाहेर आला तो आठवड्याला साडेतीन लाख पौंडांचा.

"महिन्याला," काका म्हणाले.

"आठवड्याला."

"महिन्याला असेल. तुम्ही नीट वाचलं नसेल."

"आठवड्याला, काका. तिकडे आठवड्याचाच हिशेब असतो."

काकांनी मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला. मालकही करंडक पुसायचा थांबला. तेव्हाच्या भावाने आठवड्याला तीन कोटी रुपयांच्या आसपास, असं उत्तर निघालं. दुकानात कोणी बोलेना.

"आणि हा धावत नव्हता?"

"धावायचा! धावल्यासारखा दिसायचा नाही."

"आठवड्याला तीन कोटी घेणाऱ्याने धावल्यासारखं दिसायला काय हरकत आहे?"

हा प्रश्न लंडनच्या साठ हजारांच्या स्टेडियमला तीन वर्षं पडला होता, तो सदाशिव पेठेत एका वाक्यात निकालात निघाला. त्या सहीनंतर त्याच्या प्रत्येक चुकलेल्या पासला आम्ही पगाराने भागायला लागलो. पास चुकला की कोणीतरी म्हणायचं, हा दहा हजार पौंडांचा होता. बरोबर गेलेल्या पासला कोणी भागलं नाही.

मला खरी चीड आहे ती याची. आपण प्रेमही जमाखर्चाच्या वहीत मांडतो आणि वर निष्ठेच्या गप्पा मारतो. कोणाची निष्ठा? २०१४मध्ये आपल्या पुण्याला स्वतःचा संघ मिळाला होता, एफसी पुणे सिटी. बालेवाडीला सामने व्हायचे. विश्वचषक जिंकलेला फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे बालेवाडीत खेळून गेला. किती जण गेलो आपण? बालेवाडी लांब पडते, पार्किंगचा घोळ असतो, आणि त्या वेळेला टीव्हीवर इंग्लंडची मॅच असते. २०१९मध्ये तो संघ बंद पडला. पुण्यात कोणी एक दिवस चहा सोडल्याचं मला आठवत नाही. आणि आम्ही बिबवेवाडीत बसून चिडणार की जर्मनीत जन्मलेला एक मुलगा लंडनच्या क्लबसाठी जीव तोडून धावत नाही.

"जर्मन म्हणता, मग हे नाव जर्मन वाटत नाही," काका म्हणाले.

ते खरं होतं. जन्म गेल्झेनकिर्शेनचा, घराणं मूळचं तुर्की. जर्मनीला त्याने २०१४चा विश्वचषक जिंकून दिला. २०१८मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्याबरोबर फोटो काढला, पाठोपाठ जर्मनी विश्वचषकाच्या पहिल्याच फेरीत गारद झाली आणि सगळं खापर याच्या डोक्यावर फुटलं. तेव्हा त्याने राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन, हरलो की मी बाहेरून आलेला, असं तो म्हणाला.

"तोंडी म्हणाला की लेखी?"

"लेखी. ट्विटरवर, तीन भागांत."

"लेखी दिलं हे बरं केलं." काका काही वेळ गप्प राहिले. "तीन भाग कशाला लागले पण?"

तिथे मला थोडं भरून आलं होतं, ते या उपप्रश्नाने ओसरलं. फोटोबद्दल मलाही कुरकुर होती, अजूनही आहे. पुढे एर्दोआन त्याच्या लग्नाला उभे राहिले, आणि २०२५मध्ये तो त्यांच्या पक्षाच्या कार्यकारिणीवर गेला. हे मी पुटपुटत सांगितलं. "म्हणजे शेवटी नगरसेवक झाला," असं म्हणून मालक पुन्हा करंडक पुसू लागला.

मी डायनासोरकडे वळलो. तिथे सहानुभूती हमखास मिळते. आर्सेनलचा शुभंकर म्हणून एक हिरवा डायनासोर मैदानावर फिरतो, गनरसॉरस. १९९३पासून त्या पोशाखात एकच माणूस होता. करोनाच्या काळात क्लबने खर्च कमी करायला त्याची नोकरी संपवली. ओझिल त्या वेळी संघाबाहेर होता, त्याच महिन्यात पुढे लीगसाठीच्या यादीतही त्याचं नाव घातलं नाही. त्याने जाहीर केलं, मी या क्लबात आहे तोवर याचा पगार मी देतो.

काकांनी हे दोनदा ऐकून घेतलं.

"डायनासोर पगारी होता?"

"आत माणूस होता, काका."

"ते कळलं. कायम होता की कंत्राटी?"

"मला नाही माहीत."

"सत्तावीस वर्षं झाली म्हणजे कायमच असणार. ग्रॅच्युइटी मिळाली का त्याला?"

"मला नाही माहीत हो!"

"एवढी जर्सी घालून हिंडता, मूळ गोष्ट माहीत करून घेत नाही. आणि हा तुमचा खेळाडू, तो शेवटचा कधी खेळला?"

"२०२०च्या मार्चमध्ये. वेस्ट हॅमविरुद्ध. एक-शून्य. गोल यानेच डोक्याने पास देऊन करवला."

"आणि क्लब सोडला?"

"जानेवारी २०२१."

काकांनी बोटांवर महिने मोजले. करंगळीवरून दुसऱ्या हातावर गेले. "तेवढे महिने बसून पगार. त्यातून डायनासोरला दिला, तर काय मोठं दिलं?"

"त्याला खेळवलंच नाही ना पण!" माझा आवाज चढला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून पाहिलं. "आधी एका कोचने बसवला, मग दुसऱ्याने. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं त्यांनीच बसवल्यावर टाळ्या वाजवल्या. तुमच्या ऑफिसात कोणाला टेबल काढून घेऊन कोपऱ्यात बसवलं तर त्याने पगार घ्यायचा नाही का?"

"बसवलं होतं. मलाच," काका म्हणाले. "घेतला पगार."

मला वाटलं, आता जुळलं. काका माझ्या बाजूला आले. तेवढ्यात ते मालकाकडे वळून म्हणाले, "याला दोन ठिपक्यांचे साडेतीनशे बरोबर लावलेत तुम्ही. ज्याची हा पाठराखण करतोय त्याचा हिशेबही तसाच आहे. कामाशी दराचा संबंध नाही."

घासाघीस तिथेच संपली. मी साडेतीनशेतले दोनशे आगाऊ दिले. मालक म्हणाला, ठिपके मंगळवारी मिळतील, पण चौकोनी येतील, एवढं बारीक गोल मशिनला कापता येत नाही. पावतीवर त्याने लिहिलं: 'टिंब, चौकोनी, २ नग.' काकांचे टी-शर्टही मंगळवारीच मिळणार होते. "तुम्ही आधी आलात तर माझे झालेत का बघून कळवा," म्हणत त्यांनी माझा नंबर घेतला. नको म्हणायचं मला सुचलं नाही.

रात्री साडेदहाला मेसेज आला. 'स. न. वि. वि. एप्रिल २०२०मध्ये संघातील बहुतेक खेळाडूंनी साडेबारा टक्के वेतनकपात मान्य केली, आपल्या खेळाडूने केली नाही, असे वाचनात आले. सदर बाब आपण आजच्या चर्चेत सांगितली नाहीत. मंगळवारी खुलासा करावा.'