फ्री वायफायच्या बोर्डाखाली स्पीडही लिहा की!

'फ्री वायफाय' असा बोर्ड लावणाऱ्यानं त्याखाली स्पीडही लिहावा आणि बंद असेल तर 'बंद' लिहावं, एवढंच माझं म्हणणं.

2002 साली लंडनमध्ये मॅट जोन्स या डिझायनरनं हीच सोय खडूच्या खुणांनी करून दिली होती. पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळं म्हणजे इथलं वायफाय खुलं. पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद. वर्तुळात डब्ल्यू म्हणजे कुलूपबंद, पासवर्ड लागणारं. वर नेटवर्कचं नाव, खाली स्पीड. भिंतीवर किंवा फूटपाथवर काढायचं, झालं. ही युक्ती मुळात अमेरिकेतल्या मंदीच्या काळातल्या फिरस्त्यांची. कुठल्या दारात जेवण मिळतं, कुठं कुत्रं अंगावर येतं, हे ते मागून येणाऱ्यांसाठी खुणेनं सांगून ठेवत.

नोकियानं या प्रकाराला चोरी म्हटलं. मला ते अर्धंच पटतं. दुसऱ्याच्या घरचं वायफाय उघडं आहे हे गावभर करणं वाईटच. 2008 मध्ये अहमदाबाद स्फोटांची ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेली आणि चौकशीचा ससेमिरा त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूमागं लागला. पण जे लोकांसाठीच बसवलंय, त्याची खरी माहिती द्यायला काय हरकत?

रेल्वे स्टेशनांवर रेलटेल या सरकारी कंपनीचं वायफाय रोज पहिला अर्धा तास फुकट असतं. त्यासाठी मोबाईलवर ओटीपी यावा लागतो. आता ज्याचं रिचार्ज संपून बरेच दिवस झालेत, त्याला मेसेज येणंही बंद होतं. म्हणजे फुकट नेटची खरी गरज ज्याला, तोच बाहेर! ही अट बोर्डावर कोण लिहिणार?

शिवाय आपल्याकडं बेळगावात बोर्डावर कुठली भाषा वर, कुठली खाली, यात अर्धी हयात गेली. अर्धवर्तुळं ना मराठी, ना कन्नड. त्यावरून मोर्चा निघायचा नाही. (निघालाच तर मी बघायला येईन.)

बेळगाव शहरात आता खुणांची फारशी गरज नाही, डेटा प्रत्येकाच्या खिशात आहे. गरज आहे खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडं, भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर. तिथं रेंज कुठल्या वळणावर येते हे गावकऱ्यांना तोंडपाठ असतं, पण रात्री गाडी बंद पडलेल्या परक्याला कोण सांगणार? त्या वळणावरच्या दगडावर एक खूण आणि कुठल्या कंपनीची रेंज येते तिचं नाव, एवढं ग्रामपंचायतीला सहज जमेल. फक्त खडू नको. तिकडच्या पावसात पहिल्या दिवशीच धुऊन जाईल, ऑइल पेंटच लागेल.