कृपया कुणीही मिक्सर लावू नये

आमच्या विद्यापीठात एम.ए.च्या तिसऱ्या सत्राला प्रत्येकाने ५ मिनिटांची शॉर्टफिल्म करायची असते. गुण १००, खर्च ज्याचा त्याचा. कॅमेरा विभाग देतो, पण एकच, तोही ओळखपत्र गहाण ठेवून. शनिवारी सकाळी न्यायचा, सोमवारी दहाच्या आत परत. त्यामुळे आमच्याकडे कला जी काय घडते ती शनिवार-रविवारी.

विषय निवडताना फार डोकं लावावं लागत नाही. आमच्या अख्ख्या वर्गाने एकटेपणा घेतला. यावरून तरुण पिढीच्या मनःस्थितीबद्दल कुणी अग्रलेख लिहू नये. एकटेपणाला एकच नट लागतो, म्हणून तो परवडतो. दुसरं पात्र आलं की दोघांच्या सुट्ट्या जुळवा, दोघांना वडापाव द्या, आणि वर १८० अंशांचा नियम सांभाळा. म्हणजे दोघांमधून मनातल्या मनात एक रेघ मारायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की एकमेकांशी भांडणारं जोडपं पडद्यावर बसची वाट बघत असल्यासारखं एकाच दिशेला तोंड करून बोलतं. एकटा माणूस भिंतीकडे बघत बसतो, त्याच्यापुढे हा प्रश्नच नाही.

साधनांची तक्रार केली की सर दादासाहेब फाळक्यांना पुढे करतात. फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. ‘आणि तुम्हाला लोकेशन पाहिजे!’ सरांचं बरोबर आहे. पण मी कुंडीत वाटाणा लावला असता तर शेंगा धरेपर्यंत आईने दम धरला असता, पुढे उसळ झाली असती.

लोकेशन म्हणून मावशीचं कोथरूडचं घर ठरलं, कारण ते फुकट होतं, आणि नट म्हणून तिथलेच काका, कारण तेही फुकट होते. माझी गोष्ट अशी : पत्नीच्या निधनानंतर एक म्हातारा सकाळी सवयीने दोन कप चहा करतो. संवाद नाहीत. मावशीला एवढंच सांगितलं होतं की काका चहा करतात. तिला तेवढंच अविश्वसनीय वाटलं.

काका बँकेतून निवृत्त झालेत आणि ऐन उमेदीत राज्य नाट्य स्पर्धेत त्यांनी कामं केली आहेत. स्पर्धेच्या नटाला शेवटच्या रांगेतल्या परीक्षकापर्यंत पोचायची सवय असते. इथे कॅमेरा हातभर अंतरावर. मी म्हटलं, ‘‘काका, नुसतं कपाकडे बघा.’’ त्यांनी कपाकडे असं बघितलं की कप दुष्यंताने टाकलेला असावा. शिवाय संवाद नसल्याचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. प्रत्येक टेकला शेवटी ते हलकेच म्हणायचे, ‘‘गेलीस... मला एकट्याला टाकून गेलीस!’’ तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, ‘‘कुठे जातेय? कणीक मळतेय.’’

पण खरा छळ आवाजाचा. चित्राचं काहीतरी जमवता येतं. ट्यूबलाइट कॅमेऱ्यात फडफडायला लागली, तर आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून शटर पन्नासावर आणायचं, बहुतेक वेळा फडफड थांबते. आवाजाला असं बटण नाही. आमच्या साउंडवाल्याने हेडफोन चढवले आणि त्या घरात आजवर कुणालाच न ऐकू आलेल्या गोष्टी तो एकेक करून सांगू लागला. पंखा. घड्याळ. नळ. वरच्या मजल्यावरचा मिक्सर. पलीकडच्या सोसायटीतला कुकर, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरीसाठी आम्ही सगळे थांबलो, ती झालीच नाही. आम्ही ‘अॅक्शन’ म्हटल्यावर झाली.

सिनेमा सुरू करणाऱ्या फ्रेंच ल्युमिए बंधूंचं मला अशा वेळी वाईट वाटत नाही, हेवा वाटतो. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या ज्या फिल्म्स दाखवल्या, त्या एकेक मिनिटाच्या आतबाहेरच्या, म्हणजे शॉर्टफिल्मच; आणि सगळ्या मुक्या. शेजारी कुणी पाटा-वरवंटा लावला तरी बिघडत नव्हतं. १९३१ साली ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट आला आणि ही चैन संपली. ‘आलम आरा’वाल्यांचा स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्री शूटिंग करायचे म्हणे. हे उदाहरण मी मावशीला मोठ्या आशेने दिलं. ती म्हणाली, ‘‘अगं, रात्री दोन वाजता माझ्या घरात चार मुलं आणि काका रडतायत? वर्तमानपत्रात येईल.’’

शेवटी मावशीच वरच्या वहिनींना सांगायला गेली. मिक्सर बंद झाला. मग बातमी जिन्याने खाली आली, आणि तिच्यामागून माणसं आली. ज्यांचे मिक्सर बंद होते त्या सगळ्या आता दारात उभ्या होत्या, आणि प्रत्येक नवीन आलेलीला आधीची कुजबुजत सांगत होती, ‘‘शूऽऽ, शूटिंग चाललंय.’’ बूमला, म्हणजे लांब दांड्यावरच्या माइकला, कुजबुज फार छान पकडता येते.

त्यात ‘रूम टोन’ नावाचा एक प्रकार असतो. त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, एडिटिंगला दोन आवाजांमधली भोकं बुजवायला ती लागते. सगळ्यांनी आहे तिथे थिजून उभं राहायचं. एरवी कुणी ‘मिनिटभर गप्प बसा’ म्हणालं तर श्रद्धांजली असते; पहिल्याच वेळी दारातल्या आजींनी हात जोडले आणि काका दचकले. दुसऱ्या वेळी सगळं जमलं. पन्नासाव्या सेकंदाला काकांचं पोट बोललं, ते मात्र अगदी संयत अभिनयात.

या सगळ्यात फ्रिज घरघरत होता. फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे : किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घेताना फ्रिज सुरू करायची आठवण होते. उत्तम युक्ती. तिच्यात मावशी धरलेली नाही. ताक काढायला तिने फ्रिज उघडला, लिंबांच्या शेजारी अॅक्टिव्हाची किल्ली बघितली, ‘‘काय वेंधळी कार्टी आहेत’’ म्हणाली, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावून ठेवली. संध्याकाळी निघताना किल्ली समोरच होती. फ्रिज रविवारी सकाळपर्यंत बंद होता. त्यात पाहुण्यांसाठी केलेलं दोन किलो श्रीखंड होतं.

रविवारी मी मावशीच्या नजरेला नजर न देता कॅमेरा लावत होते, तेवढ्यात काका बाहेर आले. केस काळेभोर. मिशीसुद्धा. ‘‘काल मॉनिटरवर बघितलं,’’ ते म्हणाले, ‘‘फार म्हातारा दिसतो गं मी.’’

कंटिन्युइटी म्हणून, म्हणजे दोन्ही दिवसांचं शूटिंग एकमेकांशी जुळावं म्हणून, आम्ही शनिवारी कपातल्या चहाची पातळी खडूने खूण करून ठेवली होती. ती तंतोतंत जुळली.

कॅमेरा सोमवारी द्यायचा होता, त्यामुळे फिल्म तशीच झाली. पांढऱ्या केसांचा माणूस चहा ओततो, काळ्या केसांचा पितो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि म्हणाले, शोक माणसाला स्मृतीत तरुण करतो हे तुम्ही एका कटमध्ये दाखवलंत. वर्गातल्या बाकीच्या फिल्म्समध्ये अलार्म वाजून उठणारी इतकी एकटी माणसं बघितल्यावर त्यांना हे सुचलं असावं. सर माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे.

फिल्म मावशीला दाखवली. ती शेवटपर्यंत एकाग्रतेने बघत होती. मग तिने विचारलं, ‘‘यात मी मेलेय का?’’ काकांनी घाईघाईने सांगितलं की पुढच्या वेळी संवाद हवेत. आता ज्युनिअर मुलं लोकेशनसाठी विचारायला येतात, तर मावशी त्यांना दारातच तीन अटी सांगते : फ्रिज बंद होणार नाही, काकांच्या बायकोला मारायचं नाही, आणि येताना श्रीखंड आणायचं.