हसू नका, काकू रस्ता चुकल्यात

सकाळी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. काकू जिन्यात उभ्या, भलत्याच मजल्यावरच्या कुलपाला आपली किल्ली लावून बघतायत, आणि मागे कुणीतरी खिदळतंय. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी लिहिलं, ताई, डॉक्टरांना दाखव. सोबत विस्मरणाच्या आजारावरच्या संशोधनासाठी बनवलेल्या, रस्ता शोधायच्या एका मोबाईल गेमबद्दल दोन ओळी टाकल्या. उत्तर आलं, "वय झालं की होतंच. आणि मोबाईलच्या गेमने कधी आजार कळतो का?"

दिवसभर डोकं भणभणतंय.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. सांगली-स्वारगेट. भर पावसात खंबाटकी घाटातून गाडी काढणारा माणूस. रिटायर झाल्यावर एका संध्याकाळी दळण आणायला गेले आणि दीड तास आलेच नाहीत. गिरणी दोन गल्ल्या सोडून. सापडले मारुती चौकात, डबा छातीशी धरलेला, शर्टावर पीठ. म्हणाले, "रस्ता फिरवलाय रे त्यांनी." आम्ही हसलो. मीही हसलो.

डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, पंतप्रधान विचारले. अण्णांनी धडाधड सांगितलं. "वयोमानानुसार आहे," म्हणाले. तिथे आमची दोन वर्षं गेली.

2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 'सी हीरो क्वेस्ट' नावाचा गेम आणला. नकाशा एकदा बघायचा, तो मिटला की आठवणीवर बोट हाकायची. कधी वळणं घेत लांब जायचं आणि मग सांगायचं, निघालो ती जागा आता कुठल्या दिशेला? 40 लाखांहून जास्त लोक खेळले. 2019 मध्ये त्यांनी दाखवलं की अल्झायमरचा, म्हणजे या विस्मरणाच्या आजाराचा, धोका वाढवणारं जनुक असलेली माणसं यात वेडीवाकडी, लांबची वाट धरतात. ही माणसं धडधाकट होती, कसलीच तक्रार नव्हती. नेहमीच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांच्यात आणि इतरांत फरकच दिसला नव्हता. कारण हा आजार मेंदूचा जो भाग आधी पोखरतो, दिशेची जाण त्याच भागात असते. नावं नंतर जातात हो. आधी घराची वाट जाते.

निघालो ती जागा कुठे? मारुती चौकात अण्णा नेमकं हेच शोधत होते.

हो, गेम म्हणजे निदान नव्हे, आणि ज्यांनी कधी स्मार्टफोन हातात धरला नाही त्यांचं बोट अडखळणारच. मान्य. पण निदान त्या चुकलेल्या वळणाकडे कुणी लक्ष तरी देतंय! आपण काय करतो? व्हिडिओ काढतो.

ताई, सकाळी मी जरा जास्तच बोललो. तू काकूंचं किती करतेस ते मला माहीत आहे. पण त्या व्हिडिओत शेवटी काकू वळून बघतात ना, तो चेहरा मी आधी पाहिलाय. एवढा तो व्हिडिओ काढून टाक. शनिवारी मी येतो, मिळून दवाखान्यात जाऊ. त्या कितव्यांदा रस्ता चुकल्या, कुठे चुकल्या, ते तेवढं लिहून ठेव.