ग्रेडरचा फ्रंट ड्राईव्ह आणि २,५०० चा सेन्सर: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ग्रेडरची, म्हणजे माती सपाट करायच्या मशीनची, पुढची चाकं ओढत नव्हती म्हणून आम्हाला भांडुपच्या साईटवर बोलावलं, आम्ही चेकिंगचे १५,००० घेतले, डाव्या हब मोटरचं (चाकात बसवलेली, तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर) मोठं एस्टिमेट हातात ठेवलं, आणि मग दुसऱ्या मेकॅनिकने २,५०० चा सेन्सर टाकून मशीन चालू करून दिली. म्हणजे आम्ही लुटायला बसलोय, आणि वर आमच्या पोरांनी चांगली मोटर काढून जुनी बसवली असणार. तुम्ही चारचौघात लिहिलंत, मग उत्तरही चारचौघातच देतो.

आधी सेन्सर. तो आम्हीच लिहून दिलाय साहेब. रिपोर्टचं दुसरं पान काढा, तिथे आहे की डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा सिग्नल तुटतोय आणि मधल्या सांध्यापाशी, जिथे मशीन वळताना वाकते, तिथे वायरिंगचा हार्नेस घासलाय. कंट्रोलरला मागचा गिअरबॉक्सचा स्पीड आणि पुढच्या मोटरचा स्पीड असे दोन्ही दिसावे लागतात, त्या हिशोबाने तो पंपाला किती तेल सोडायचं ते सांगतो, आणि यातला एक जरी गेला की फ्रंट बंद करून स्क्रीनवर कोड टाकतो. सेन्सर बदलला, कोड गेला, चाकं फिरली. त्या मेकॅनिकने काम चुकीचं केलं असं मी म्हणतच नाहीये. फक्त घासलेल्या हार्नेसला स्लीव्ह घातली का ते बघून घ्या, नाहीतर नवीन सेन्सरचीही तीच गत.

पण तुमची मूळ तक्रार ती नव्हती ना. तुमच्या ऑपरेटरने आल्या आल्या सांगितलं, सकाळी मस्त ओढते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ब्लेडवर माल आला की पुढचं डावं चाक नुसतं बरोबर येतं, जोर देत नाही. आता तापल्यावर सेन्सरही दगा देतात, मान्य, म्हणूनच अंदाजावर न जाता गेज लावले. चार्ज प्रेशर तेल थंड असताना आणि गरम झाल्यावर दोन्ही वेळा बघितलं, ते अशा सिस्टिमला साधारण २० ते ३० बारच्या घरात लागतं आणि तुमचं तिथेच होतं. म्हणजे पंपाला मागून तेल पोचत होतं. तुमच्या मशीनला डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळा पंप आहे, म्हणून पुढे जोड-होज लावून डाव्या पंपाचं तेल उजव्या मोटरला आणि उजव्याचं डावीला दिलं. प्रॉब्लेम पंपाचा असता तर उजवीकडे सरकला असता, पण तो डाव्या चाकापाशीच राहिला. मग तेल तापवून, मशीन ब्रेकवर धरून दोन्ही मोटरच्या केस ड्रेनचं, म्हणजे आत गळून बाहेर येणारं, तेल वेगवेगळ्या बादलीत सोडलं आणि घड्याळ लावून मोजलं. डावीचं उजवीच्या दुपटीहून जास्त. मोटर आतून झिजली की तेल पिस्टनला ढकलायच्या ऐवजी फटीतून केसमध्ये पळतं, आणि तापून पातळ झालं की अजून जास्त पळतं. तुमच्या ऑपरेटरची सकाळ-दुपार ती हीच. त्याला कोणी विचारत नाही, पण सगळ्यात बरोबर त्यानेच सांगितलं होतं.

त्यानंतर केस ड्रेनचा फिल्टर तुमच्या सुपरवायझरसमोर कापला. कागदाच्या घड्या उघडून उन्हात धरल्या तर सोनेरी चकाकी, बोटावर घेतलं तर बारीक कीस, लोहचुंबक फिरवलं तर एक कण चिकटला नाही. म्हणजे पितळ, पिस्टनच्या टोकाला बसवलेल्या बुटांचं. आता तुम्ही म्हणता एस्टिमेट एवढं मोठं का, नुसती मोटर का नाही. तर ही बंद लूप आहे, पंपाकडून मोटरला गेलेलं बहुतेक तेल टाकीत न जाता सरळ पंपाकडेच परत येतं, त्यामुळे कीस तिथल्या तिथे फिरत बसतो. होज धुतल्याशिवाय आणि फिल्टर बदलल्याशिवाय नवीन मोटर बसवली तर तीही जाते आणि जाताना पंपही घेऊन जाते, आणि तेव्हा तुम्ही रिव्ह्यू कोणाच्या नावाने टाकणार? आमच्याच.

टायरचंही रिपोर्टमध्ये आहे आणि ते तर फुकट सांगितलं होतं. पुढे नवीन १४.००-२४ आणि मागे टँडमला, म्हणजे मागच्या जोडचाकांना, पार गुळगुळीत झालेले. कंट्रोलरला टायर दिसत नाही, त्याला फक्त फेरे दिसतात. पुढचं चाक मोठं आणि मागचं झिजून बारीक झालेलं म्हणजे पुढची चाकं कायम मागच्यांच्या पुढे पळायला बघतात, प्रेशर चढलेलं राहतं, तेल तापतं. मोटर एवढ्या लवकर का गेली याचं निदान एक कारण तरी मला तिथेच दिसतं.

मोटर बदलल्याचा आरोप मात्र मला लागला. आम्ही होज काढले, मोटर काढलीच नाही. तिच्या माउंटिंगच्या बोल्टवर कंपनीचा पिवळा पेंट आहे, पाना लागला असता तर कोपऱ्यांवरचा उडाला असता. आजच खाली वाकून बघा, फोटोही काढा. फोन उचलला नाही म्हणता, तर बॉयलरसूटमध्ये मशीनखाली असलो की फोन गाडीत असतो, वडाळ्याच्या वर्कशॉपला लावला असता तर कोणीतरी उचलला असता.

तुमच्या मॉडेलला फक्त पुढच्या चाकांवर चालवायचा मोड आहे. दुपारी दोन-तीनला, तेल चांगलं तापल्यावर, त्या मोडमध्ये ब्लेडवर थोडी माती घेऊन चालवा. यार्डातल्या सिमेंटवर नको, तिथे नुसतं ढकललं तरी मशीन पुढे जाईल. डावं चाक जोर देत असेल तर मला बोलवा, पुन्हा गेज लावतो, चार्ज नाही, आणि तुमच्या त्या मेकॅनिकलाही उभं करा. कापलेला फिल्टर तारीख टाकून पिशवीत ठेवलाय, हवा तर घेऊन जा. स्टार वाढवा असं म्हणत नाही, पण मोटर बदलल्याचं वाक्य तेवढं बोल्ट बघितल्यावर काढून टाका.